टोपाजवळ कुणीतरी बसायला हवं

मी टोप बोलतोय. साठ माणसांचा भात एका दमात शिजवणारा, दोन कानांचा, जाड जर्मनचा टोप. हल्ली माझ्यात भात शिजत नाही. मीरा रोडला, पेणकरपाड्याच्या बाजूच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत मी पडून असतो. टँकर आला की पाण्याने भरतो, नाही आला की उन्हाने तापतो. रिकामं भांडं जास्त वाजतं म्हणतात. तसा मी आज वाजणार आहे, कारण माझ्या पोटात एक गोष्ट पाच वर्षं करपलेल्या खरवडीसारखी चिकटून बसली आहे.

माझा जन्म भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात झाला. पत्र्याची गोल चकती यंत्रावर फिरवून मला पोट दिलं आणि रिबिटं ठोकून कान दिले. शेजारी स्टीलच्या ताटल्यांच्या थप्प्या आरशासारख्या चकाकत असायच्या. येणारं गिऱ्हाईक त्यांच्यात तोंड बघायचं आणि मला पायाने बाजूला सारायचं. मला त्यांचा भारी हेवा वाटे. हेवा हा माझा जन्मजात दोष. तो लक्षात ठेवा, पुढे त्यानेच घात केला.

अठ्ठ्याऐंशी साली काशीनाथने मला विकत घेतलं. आदल्याच वर्षी तो गिरगावातली खोली भावाला सोडून, बायको वासंती आणि दहा वर्षांची मुलगी क्षितिजा यांना घेऊन इकडे राहायला आला होता. मुंबईत एका कचेरीत कारकून होता, पण पायाला भिंगरी. कचेरीतल्या लोकांना जमवून दोनदा उत्तरेकडे घेऊन गेला आणि तिथे त्याला एक साक्षात्कार झाला. मराठी माणूस हजार मैलांवर कुठेही येतो, फक्त रात्री ताटात वरण-भात पाहिजे. तो मिळाला की हॉटेलच्या खोलीला तो नावं ठेवत नाही, बसच्या सीटला नावं ठेवत नाही.

काशीनाथने नोकरी सोडली आणि यात्रा कंपनी काढली. नाव दिलं ‘वासंती यात्रा’. बायकोचं नाव दिलं म्हणून लोकांनी त्याचं कोण कौतुक केलं. स्वयंपाकही तिनेच करायचा, हे पत्रकावर छापलेलं नव्हतं.

पत्रक दोनच पानांचं होतं. डाव्या पानावर राजस्थान, उजव्या पानावर हिमाचल. नकाशात ही राज्यं तशी शेजारपाजारचीच, मध्ये पंजाब-हरियाणाची पट्टी. पण इकडे नुसती वाळू आणि तिकडे नुसता बर्फ. दिवाळीनंतर थंडीत वाळवंट, मे महिन्यात डोंगर, असा आमचा वर्षाचा रतीब ठरून गेला. चाळीस माणसं, वासंती, दोन वाढपी, रॉकेलची भट्टी आणि मी. रेल्वेत मी दाराशी उभा असायचो, पोटात तांदळाची पिशवी घेऊन. हमाल मला टपली मारून विचारायचे, “क्या बाबूजी, शादी में जा रहे हो?”

आता मला विचाराल तर त्या दोन मुलखांतला फरक मी असा सांगेन. जैसलमेरला पाणी जड, म्हणून डाळ शिजायला नखरे करते. मनालीला पाणी गोड, पण उंचीमुळे डाळ शिजायला नखरे करते. वाळवंटात झाकण उघडं राहिलं तर भातात वाळू, डोंगरात उघडं राहिलं तर भात थंड. तिकडे वासंतीच्या टाचा फुटायच्या, इकडे बोटं. माझ्या नशिबात हॉटेलांची मागची अंगणं आली. पुढच्या बाजूला काय आहे ते मी पाहिलं नाही, आणि पाहायची हौसही नव्हती. माझ्यापुढे वासंती बसलेली असायची, तेवढं मला पुरे.

पण वासंतीला पुरे नव्हतं.

तिची अडचण अशी, की वाळवंटात सूर्यास्ताची वेळ आणि कणीक मळायची वेळ एकच. लोक जैसलमेरजवळ समच्या वाळूत उंटावर बसून सूर्य बुडताना बघत, तेव्हा ती चाळीस माणसांच्या पोळ्या लाटत असायची. डोंगरात त्याच्या उलट. बर्फ बघायला रोहतांगच्या खिंडीकडे बस पहाटे निघते, म्हणजे सोबत द्यायचं जेवण त्याच्याही आधी करायचं, आणि बस सुटली की रात्रीच्या तयारीला लागायचं. जैसलमेरला जेवणाच्या वेळी गाणारे लोक यायचे. त्यांचं गाणं तिने दर फेरीला कनातीच्या मागून ऐकलं. पुढे त्यांचे चेहरे कसे असतील, ते तिला ठाऊक नव्हतं. मनालीत देवीच्या जत्रेचे ढोल ऐकू यायचे तेव्हा ती वाटाणे सोलत असायची. नळावर भेटणाऱ्या पहाडी बायकांशी मात्र तिची गट्टी होती. एकीने तिला विचारलं होतं, “बहनजी, आप लोग घूमने आते हो कि खाने?”

“वो लोग घूमने आते हैं,” वासंती म्हणाली होती. “मैं खिलाने आती हूँ.”

रात्री पंगत बसली की ती वाढता वाढता प्रत्येकाला विचारायची, “काय पाहिलंत आज? नीट सांगा हं.” लोक खूश होऊन सांगायचे. कुणी म्हणे वाळूला लाटा असतात, कुणी म्हणे किल्ला संध्याकाळी मधासारखा पिवळा होतो. भात वाढायचा थांबवून ती ऐकत राहायची. मला वाटे, हिला आपल्यापेक्षा त्या वाळूचंच कौतुक. माझ्या बुडाशी जाळ असायचा, पण खरं म्हणजे मी हेव्यानेच तापत होतो.

चौऱ्याण्णव सालच्या मे महिन्यात काशीनाथला कधी नव्हे ते सुचलं. मनालीला पोचल्या दिवशी तो म्हणाला, “वासंती, उद्या तू पण बसमध्ये बस. किती वर्षं नुसती भांडीच घासतेयस. खिचडी करून घे, सोबत नेऊ. रात्रीचं आल्यावर बघू.”

“रात्रीचं आल्यावर कसं होईल?” ती म्हणाली. पण आवाज असा होता, की काशीनाथला हसू आलं.

संध्याकाळी ती बाजारात जाऊन भाड्याचा कोट आणि गमबूट घेऊन आली. गमबूट दोन मापं मोठे होते. अंगणात ती ते घालून चालून बघत होती आणि दोघे वाढपी तोंडावर हात ठेवून हसत होते. मी तिला इतकी वर्षं रोज पाहत आलो, पण तशी पाहिली नव्हती.

पहाटे तिने खिचडी टाकली. आता माझ्या बुडाची गोष्ट सांगायला हवी. त्याच फेरीत अंबाल्याच्या फलाटावर हमालाच्या हातून मी निसटलो होतो आणि बुडाला एका बाजूला पोचा आला होता. पोचा आलेल्या जागी आच जास्त लागते. वासंतीला ते ठाऊक होतं. ती एरवी कान देऊन असायची. बूड धरायच्या आधी मी कडेने खडखडतो, झाकण थरथरवतो. ती खूण ओळखून ती लगेच उलथनं घालायची. इतक्या वर्षांत आमचं दोघांचं ते गुपितच होतं म्हणा ना.

त्या पहाटे ती दहा पावलांवर बसून गमबूट घालत होती. मोज्यांवर मोजे चढवत होती, म्हणजे बूट पायात बसतील. माझ्याकडे तिची पाठ होती आणि ती गुणगुणत होती.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला बूड धरल्याचं कळलं होतं. झाकण थरथरवायला जेवढी वाफ लागते तेवढी माझ्यात होती. पण मनात आलं, ही आज मला सोडून निघाली. आज जाईल, उद्या जाईल, मग हिला माझी गरजच काय? आणि मी गप्प बसलो. एकदाच, मोजून पाच-सात मिनिटं गप्प बसलो.

वास सुटला तेव्हा ती धावत आली. एका पायात गमबूट, दुसऱ्यात नुसते मोजे. झाकण काढलं तर खिचडी खालून काळी आणि वरून धुरकट. चाळीस माणसांची.

बसचा हॉर्न वाजत होता. काशीनाथ आत आला, त्याने बघितलं आणि कपाळाला हात लावला. “जाऊ दे,” तो म्हणाला, “ब्रेड आणि केळी घेतो वाटेत. तू चल.”

“आणि संध्याकाळी? दिवसभर ब्रेड खाऊन माणसं गारठून येणार. यायच्या वेळी ताट तयार नसलं तर?” ती खाली बसून पायातला बूट ओढत होती. “लोक बर्फ विसरतील हो. उपास विसरणार नाहीत.”

काशीनाथने तिला दुसऱ्यांदा चल म्हटलं नाही. बसकडे वळत तो म्हणाला, “यंदा नाही तर पुढच्या वर्षी.” आणि बस गेली.

तिने मला विटेच्या भुकटीने तासभर घासलं. मी वाट पाहत होतो, ही आता मला लाथ मारेल, निदान शिवी तरी देईल. संध्याकाळी काशीनाथ परत आला आणि चिडून म्हणाला, “हा टोपच फेकून द्यायला पाहिजे.” तर वासंती काय म्हणाली? “टोपाचा काही दोष नाही. माझंच लक्ष नव्हतं.”

तिने लाथ मारली असती तर बरं झालं असतं. दुसरा पोचा आला असता आणि मी मोकळा झालो असतो.

पुढचं वर्ष आलं आणि गेलं, त्याच्या पुढचंही गेलं. प्रत्येक वेळी काहीतरी निघायचं. एकदा वाढपी आजारी पडला, एकदा रस्ताच बंद होता. वासंतीने पुन्हा गमबूट आणले नाहीत. काशीनाथनेही विषय काढला नाही. त्याला लाज वाटत असावी. मला वाटायची म्हणून मला त्याची कळायची.

याच सुमारास एक नवीनच प्रकार सुरू झाला. दर रविवारी संध्याकाळी काशीनाथच्या हॉलमध्ये यात्रेला येऊ इच्छिणारे लोक जमायचे. चहा-चिवडा व्हायचा, फोटोंचे अल्बम फिरायचे, आणि प्रश्न एकच असायचा, वाळवंट की डोंगर? बोलून बोलून काशीनाथचा घसा बसायचा. एका रविवारी समुद्रकाठच्या उत्तनहून वॉल्टर नावाचे गृहस्थ बायकोला, आयडाला, घेऊन आले. काशीनाथने सांगून टाकलं, “वहिनीला विचारा ना. बारा-चौदा वेळा गेलीय ती दोन्हीकडे.”

वॉल्टर आतल्या दाराकडे वळून म्हणाले, “वहिनी, वालू आमच्या दारान हाय. ती न्हाय सांगायची. बरफ कसा हाय, तेवढं सांगा.”

वासंती हात पुसत दारात उभी होती. मी स्वयंपाकघराच्या ओट्याखालून बघत होतो. तिने काशीनाथकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली आणि अल्बमची पानं उलटू लागला. खोलीभर माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती. मी पाहिलंच नाही, असं ती म्हणाली असती तर ‘वासंती यात्रे’ची काय शोभा राहिली असती?

ती खिडकीकडे गेली. आमच्या खिडकीतून तेव्हा मिठागरं स्वच्छ दिसायची. उन्हाळ्यात मिठाचे पांढरे ढीग एकामागे एक रचलेले असायचे. ती सावकाश म्हणाली, “ते ढीग बघितलेत? तसं, पण आभाळापर्यंत. आणि पाय टाकला ना, की जाड्या मिठावर चालल्यासारखं करकर वाजतं.”

वॉल्टर मिठागरं बघत मोठे झालेले. ते एकदम खूश झाले. “आता समजला.” पण आयडाबाईंना दम्याचा त्रास होता, म्हणून त्यांनी शेवटी वाळवंटच घेतलं.

त्या रविवारपासून वासंती बोलू लागली. फार छान बोलायची. म्हणायची, “बघा, राजस्थानात माणसाने बांधलेलं बघायचं. किल्ले, हवेल्या, जाळीच्या खिडक्या. हिमाचलात कुणीच बांधलेलं नाही ते बघायचं. गुडघे दुखत असतील तर वाळवंट घ्या, उंटावर बसून होतं सगळं. पोरं असतील तर डोंगर, ती बर्फातून हलायची नाहीत. गाणं-बजावणं पाहिजे तर तिकडे. नुसतं गप्प बसायचं असेल तर इकडे.” लोक तिचं ऐकून पैसे भरायचे. ते सगळं पंगतीत ऐकलेलं होतं. फक्त मिठाचं तिचं स्वतःचं होतं, आणि तेच तिला डाचत होतं. जाऊन आलेल्या लोकांना ती हजार गोष्टी विचारायची, पण बर्फ पायाखाली वाजतो का, हे तिने कुणालाही विचारलं नाही.

एकदा भांडी लावता लावता ती क्षितिजाला म्हणाली, “मी लोकांना खोटं सांगते गं. देवाला काय वाटत असेल?”

“आई, एवढ्यातेवढ्याला देव बघत नाही,” क्षितिजा म्हणाली.

“एवढंतेवढं कसलं? चाळीस माणसं माझ्या शब्दावर जातात.”

म्हणजे मी एकट्या माझ्याच माथी पाप घेतलं नव्हतं. तिलाही खोटं बोलायला लावलं होतं.

सत्त्याण्णव साली कंपनी बंद झाली. मोठ्या कंपन्या आल्या, काशीनाथला रक्तदाबाने गाठलं, डॉक्टरांनी उंचावर जायला मनाई केली. भट्टी विकली गेली. मला कुणी घेईना, बुडाला पोचा होता ना. मी बाल्कनीत आलो.

क्षितिजा एव्हाना शिकून नोकरीला लागली होती. यंदाच्या, नव्याण्णवच्या मे महिन्यात तिने न विचारता आईचं हिमाचलचं बुकिंग करून टाकलं, दुसऱ्या एका यात्रा कंपनीत. “तू फक्त बसायचं, बघायचं, खायचं,” तिने बजावलं. “आणि फोटो काढायचे. रोल संपेपर्यंत, छत्तीसच्या छत्तीस.” कॅमेरा आईच्या गळ्यात अडकवला. वासंती जाताना बाल्कनीत आली, माझ्यातलं पाणी झाडांना घातलं आणि माझ्या काठावरून हात फिरवला. दहा दिवस मी आनंदात होतो. मला वाटलं, सुटलो. ती बघून येईल आणि माझ्यावरचं ओझं उतरेल.

ती आली. चार दिवसांनी फोटो धुऊन आले. तिघं बाल्कनीत खुर्च्या टाकून बसली, हॉलमध्ये फार उकडत होतं म्हणून. क्षितिजा एकेक फोटो बापाच्या हातात देत होती. व्यास नदीचा प्रवाह, देवदार, लाकडी देऊळ. मग बर्फ आला. पांढरंशुभ्र, डोळे दिपवणारं. आणि त्याच्या मधोमध वासंतीचा जांभळा स्वेटर घातलेली, गमबूट घातलेली एक बाई खदाखदा हसत उभी होती. पुढच्या फोटोतही तीच, त्याच्या पुढच्याही.

“ही कोण?” क्षितिजाने विचारलं.

“चंपा,” वासंती म्हणाली. “त्यांच्याकडे स्वयंपाक करते. नऊ वर्षं येतेय मनालीला. मी विचारलं, वर काय काय पाहिलंस? तर म्हणाली, टाइम कुठे मिळतो, मावशी.”

“आणि तू?”

“तिने डाळ टाकली होती. टोपाजवळ कुणीतरी बसायला हवं ना. मी म्हटलं, माझी सीट रिकामी आहे, हा स्वेटर घाल, कॅमेरा घे आणि जा तू.”

क्षितिजाचे डोळे भरले होते आणि रागही आला होता. काशीनाथच्या हातात तो फोटो तसाच होता. त्यावरची नजर न काढता तो म्हणाला, “वासंती, चुकलं माझं. चौऱ्याण्णवला मी बस थांबवायला हवी होती.”

“त्याला आता काय,” ती म्हणाली. मग एकदम खुर्चीत पुढे सरकली. चेहरा उजळला होता. “पण ऐका ना. चंपा खाली आली तेव्हा मी तिला पहिलं तेच विचारलं. पायाखाली कसं लागतं गं? तर काय म्हणाली माहितेय? मिठावर चालल्यासारखं वाजतं, मावशी. मी काही सांगितलं नव्हतं हं तिला आधी. तिच्या तिनेच म्हणाली.” तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “म्हणजे मी इतकी वर्षं खोटं बोलत नव्हते.”

ती सुटली. काशीनाथनेही तोंडाने कबूल केलं, तोही थोडा हलका झाला असेल. राहिलो मी. मला एवढं मोठं तोंड आहे, पण तिच्याशी एक शब्द बोलता येत नाही. म्हणून तुम्हाला सांगतोय.

ती रोज संध्याकाळी इथे येते. माझ्यात तांब्या बुडवून कुंड्यांना पाणी घालते आणि मग तिकडे दूर मिठागरांकडे बघत उभी राहते. इमारती वाढतायत, आता दोन-चारच ढीग दिसतात. उभी राहताना तिचा हात माझ्या काठावर असतो, आणि तो मला सहन होत नाही.

तुम्ही यात्रेला जाल. वाळवंटात जा नाहीतर डोंगरात, दोन्ही चांगलेच आहेत म्हणे. रात्री ताटात गरम वरण-भात पडेल तेव्हा वाढणाऱ्या बाईला एकदा विचारा, तुम्ही आज काय पाहिलंत? ती हसून पुढे गेली, तर दुसऱ्या दिवशी तिला बसमध्ये बसवा आणि तासभर तुम्ही तिच्या टोपाजवळ बसा. पण पाठ करून बसू नका. आमची जात हेवेखोर आहे, लक्ष ठेवा.